कण्याखालची काळपट रेघ

रोहू साफ करून घेताना एकदा नीट बघा. खवले निघाले, पोट फाडलं, आतडी बाहेर आली, हवेची पांढरी पिशवी गेली, की कण्याच्या खालच्या अंगाला चिकटलेलं काळपट लाल काहीतरी दिसतं. साकळलेल्या रक्तासारखं. मासेवाला ते सुरीच्या टोकाने खरवडतो आणि मासा नळाखाली धरतो. परवा मी म्हटलं, "दादा, डोक्याकडचं तेवढं राहू द्या, बघायचंय." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. "अहो, रक्त आहे ते. रश्शाला वास मारेल."

एका अर्थी त्याचं बरोबरच होतं. ती रेघ म्हणजे माशाचं मूत्रपिंड, आणि तिचा डोक्यालगतचा भाग म्हणजे रक्त तयार होण्याचं ठिकाण. आपल्या तांबड्या-पांढऱ्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होतात. माशाच्या हाडांत ही सोय नाही, ते काम या मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाकडे आहे. आणखी एक फरक आहे. आपल्या पायाला काही लागलं, जखम चिघळली, की जांघेत अवधाण येतं. म्हणजे तिथली लसीका गाठ सुजते. माशाला अशा गाठीच नसतात, तेव्हा त्याला अवधाण कधीच येत नाही. पांढऱ्या पेशी मात्र बहुतेक आपल्यासारख्याच. चटकन धावणाऱ्या न्यूट्रोफिल, सावकाश येऊन सगळं गिळणाऱ्या मॅक्रोफेज, आणि अनुभवातून शिकणाऱ्या लिम्फोसाइट. त्यांतल्या बी-लिम्फोसाइट आपल्याकडे मुख्यतः प्रतिपिंडं बनवतात. माशाच्या बी-पेशी ते तर करतातच, शिवाय जंतू गिळतातही. हे २००६ साली ट्राउट माशांत दिसलं, तेव्हा पाठ्यपुस्तकातली एक सरळ रेघ जरा पुसट झाली.

नदी-तलावातल्या चमचाभर पाण्यात जिवाणू लाखोंनी असतात. मासा त्यातच श्वास घेतो, त्यातच खातो, त्यातच जखमी होतो. त्याच्या अंगाची बुळबुळ ही पहिली भिंत. ती कुठे फाटली, की या पेशींचं काम सुरू होतं. ते काम जिवंत माशात, प्रत्यक्ष चालू असताना बघता येईल असं पूर्वी कुणाला खरं वाटलं नसतं. आज ते दिसतं. आणि जे दिसलं त्याने 'शरीराचे सैनिक' ही आपण शाळेत शिकलेली उपमा बरीच अडचणीत आणली.

सुरुवात माशापासून झालेली नाही. १८८२ सालचा हिवाळा, सिसिली बेटावरचं मेसिना. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती आणि इल्या मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर तारामाशाची काचेसारखी पारदर्शक अळी. (तारामासा हा मासा नव्हे, त्याचं मासेपण फक्त नावात.) तिच्या अंगात इकडेतिकडे सरकणाऱ्या पेशी बघताना त्यांच्या मनात आलं, आपल्या बोटात काटा रुतला की तिथे पू धरतो, तशा या पेशीही बाहेरून घुसलेल्या वस्तूभोवती जमतील का? त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले, अळ्यांच्या कातडीखाली खुपसले, आणि रात्र तळमळत काढली. सकाळी बघतात तो काट्याभोवती पेशींची दाटी.

त्या काळातले बरेच डॉक्टर नेमकं उलट मानत. पांढऱ्या पेशींत जंतू दिसतात ते त्यांनी तिथे आसरा घेतला म्हणून, आणि या पेशीच त्यांना अंगभर पोचवतात, असा त्यांचा समज होता. मेचनिकॉफनी तो खोडून काढला. पुढे १८८८ साली ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. जुने डॉक्टर चूक ठरले. पूर्ण चूक नव्हे, पण ते पुढे येईल.

अडचण अशी की उंदीर काय, माणूस काय, कुणीच पारदर्शक नाही. शतकभर संशोधक रक्त बाहेर काढून, काचपट्टीवर पसरून, मेलेल्या पेशींची चित्रं जुळवत राहिले. लग्नाचे फोटो बघून वरात कशी निघाली ते सांगण्यासारखं. तारामाशाच्या अळीइतका पारदर्शक, पण कणा असलेला प्राणी हवा होता. तो सापडला आपल्याच देशातल्या पाण्यात. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरचा आपला ग्रंथ १८२२ साली छापला, त्यात या तीन-चार सेंटिमीटरच्या, अंगावर निळे पट्टे असलेल्या माशाची पहिली शास्त्रीय नोंद आहे. आज तो झेब्राफिश म्हणून फिशटँकच्या प्रत्येक दुकानात मिळतो. त्याला प्रयोगशाळेत मानाचं स्थान दिलं ते अमेरिकेत, ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी, १९७०च्या दशकात. मग तो जगभर पसरला आणि मायदेशीही परतला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, अशा ठिकाणी आज त्याच्या टाक्यांच्या रांगा आहेत. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा जोडीदार या माशात आढळतो.

मोठा झेब्राफिश काही पारदर्शक नसतो. त्याचं पिल्लू असतं. अंड्यातून दोन-तीन दिवसांत बाहेर येणारं, तांदळाच्या कणीएवढं. मला एकदा ते एका प्रयोगशाळेत बघायला मिळालं. पाण्यात भूल देऊन, कोमट पातळ अ‍ॅगरोजमध्ये आडवं निजवलेलं. खाली हृदयाची धडधड दिसते, शेपटीच्या बारीक नळीतून रक्तपेशी एकामागून एक घरंगळताना दिसतात. दिवा बदलला आणि सगळं काळं झालं. काळोखात हिरवे ठिपके राहिले. २००६ साली संशोधकांनी अशी वाणं तयार केली, ज्यांच्या न्यूट्रोफिल पेशीच हिरव्या चमकतात. ते ठिपके म्हणजे त्या. बहुतेक शेपटीच्या मुळाशी घुटमळत होते.

शेपटीचं टोक आधीच कापलेलं होतं. मी बसलो तेव्हा पहिला ठिपका निघालेला होता. ठिपका म्हणणंही तसं चूक. जवळून त्याला आकार आहे, पुढे एक बोथट पाय काढतो, मागचं अंग ओढून घेतो, अडलं की बाजूने वाट काढतो. वेग मिनिटाला दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे साधारण स्वतःच्या लांबीएवढा. ऐकायला मंद वाटतं, पण अर्ध्या तासात काठावर पाच-सहा पेशी होत्या आणि मागून आणखी येत होत्या. कुणीतरी हाक मारल्यासारख्या.

ही हाक कोण मारतं ते २००९ साली कळलं. बोस्टनमधल्या संशोधकांनी पिल्लाच्या शेपटीला काप दिला आणि तिथे कोणतं रसायन वाढतं ते बघितलं. निघालं हायड्रोजन पेरॉक्साइड. लहानपणी गुडघा फुटल्यावर दवाखान्यात जखमेवर ओतत, पांढरा फेस यायचा आणि आपण ओरडायचो, तेच. बाटलीतल्या मानाने फार विरळ, पण तेच. जखमेच्या काठावरच्या त्वचेच्या पेशी ते स्वतः तयार करतात. काही मिनिटांत कापाच्या जागी त्याचं प्रमाण सर्वांत जास्त आणि आत जावं तसं कमी, असा उतार तयार होतो. न्यूट्रोफिल तो उतार चढत येतात. यात जिवाणूचा अजून पत्ताच नाही. म्हणजे दाहाची पहिली वर्दी जंतू देत नाही, फुटलेली कातडी देते. जंतू येवोत न येवोत, माणसं आधी पाठवून ठेवायची, असा हा कारभार.

जिवाणू असले तर पुढे काय होतं, याचा मागही माशातच लागला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे मेचनिकॉफच्याच संस्थेत, १९९९ साली फिलिप एरबोमेल आणि सहकाऱ्यांनी दिवस-सव्वा दिवसाच्या भ्रूणाच्या रक्तात जिवाणू टोचले. अजून अंड्यातून बाहेर न आलेल्या त्या जिवाच्या मॅक्रोफेजनी काही तासांत रक्त स्वच्छ केलं. लिम्फोसाइट नाहीत, प्रतिपिंडं नाहीत, शिकवणारं कुणी नाही. माशात ती शिकणारी व्यवस्था काही आठवड्यांनी तयार होते. तोवरचं सगळं या गिळणाऱ्या पेशींवर.

याच गटाने २०११ साली दाखवलेली गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती साधी आहे आणि काचपट्टीवर कधीच दिसली नसती. मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल दोघीही जंतू गिळतात, एवढंच आपल्याला माहीत होतं. माशात दिसलं की रक्तात किंवा पाण्यासारख्या द्रवात तरंगणारे जिवाणू मॅक्रोफेज पटापट उचलतात, न्यूट्रोफिलना ते जवळपास जमतच नाही. पण तेच जिवाणू कुठल्या पृष्ठभागाला चिकटलेले असले, की न्यूट्रोफिल त्यावरून सरपटत जाते आणि मागे लख्ख जागा सोडते. एकीकडे गाळणी, दुसरीकडे फरशी पुसण्याचं फडकं. कोणती पेशी कामाची, हे जंतू किती यापेक्षा तो कुठे बसलाय यावर ठरतं.

गिळल्यावर पेशीच्या आत एक पिशवी तयार होते, तिच्यात आम्ल, पाचक रसायनं आणि ऑक्सिजनची जहाल रूपं सोडली जातात. बहुतेक जिवाणू तिथे संपतात. काही वेळा न्यूट्रोफिल टोकाचा उपाय करते. स्वतःचा डीएनए सुतासारखा उसवून बाहेर फेकते आणि त्या जाळ्यात जिवाणू अडकतात. माणसात हे २००४ साली कळलं, नंतर कार्पसारख्या माशांतही आढळलं. मासा स्वतःच जाळं टाकतो, असं म्हणायचा मोह होतो. पण या जहाल मालाला आपपर कळत नाही. जिवाणू मरतात तशा आजूबाजूच्या धडधाकट पेशीही होरपळतात. म्हणून आलेल्या पेशींनी वेळेत निघणं महत्त्वाचं.

जुनी समजूत अशी होती की न्यूट्रोफिल येतात, लढतात, तिथेच मरतात, आणि मॅक्रोफेज त्यांची मढी उचलतात. काही मरतात हे खरंच. पण २००६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात ॲना हटनलोकर यांच्या गटाने कापलेल्या शेपटीचं चित्रीकरण लांबवलं, तेव्हा दिसलं की बऱ्याच न्यूट्रोफिल जखमेपर्यंत जाऊन चक्क माघारी फिरतात. जिवंत, हिंडत्याफिरत्या. आधी कुणाला दिसलं नाही, कारण मेलेल्या पेशीच्या चित्रावरून ती येत होती की जात होती हे कळणार कसं? दाह ओसरणं म्हणजे आग आपोआप विझणं, असं आपण धरून चालत होतो. ते एक वेगळं, पेशींनी करायचं काम आहे. हे काम बिघडलं की सांधे, फुप्फुसं, आतडी वर्षानुवर्षं धुमसत राहतात. म्हणून आता औषध शोधणारे पेशींना येण्यापासून अडवण्याऐवजी लवकर परत कसं पाठवता येईल, हेही या पिल्लांवर तपासून बघतात.

आता जरा प्रयोगशाळेबाहेर, शेततळ्यावर. आपल्याकडे कटला, रोहू, सायप्रिनस पाळणाऱ्यांना अंगावर लाल चट्टे, फुगलेलं पोट, झडलेले पर ही लक्षणं नवीन नाहीत. अशा वेळी बऱ्याचदा निघतो एरोमोनास. हा जिवाणू कुठून बाहेरून येत नाही, तळ्यात कायमच असतो. निरोगी माशाच्या पांढऱ्या पेशी त्याला रोज निस्तरतात. मग एखाद्या आठवड्यातच का मासे पडतात? बोटुकली जास्त सोडलेली असते, पहाटे ऑक्सिजन घटून मासे वर तोंड काढत असतात, नाहीतर आदल्या दिवशी जाळं ओढताना बुळबुळ आणि खवले निघालेले असतात. ताणात माशाच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं आणि ते या पेशींचा हात आवळतं. अँटिबायोटिकचं पाकीट पाण्यात टाकण्याआधी तळ्यात मासे किती कोंबलेत ते मोजावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माशाला ताप येतो का, हा प्रश्न मला एका शेतकऱ्याने विचारला होता. मी हसलो होतो. हसायला नको होतं. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम, तेव्हा आपल्यासारखा आतून ताप त्याला आणता येत नाही. पण १९७६ साली अमेरिकेत ब्ल्यूगिल आणि बास माशांना एरोमोनास टोचून, कमी-जास्त तापमानाचे भाग असलेल्या टाकीत सोडलं, तेव्हा ते नेहमीपेक्षा दोन-अडीच अंश गरम पाण्यात जाऊन राहिले. ताप आणता येत नाही, म्हणून तो शोधायचा. पुढे झेब्राफिश आणि कार्पमध्येही हेच दिसलं, आणि गरम पाण्यात जाऊ दिलेले मासे जास्त वाचले. गारठ्यात लिम्फोसाइट विशेष मंदावतात, हेही यामागे आहे. सगळीकडे सारख्याच तापमानाच्या टाकीत मात्र बिचाऱ्याला जायला जागाच नसते.

दाहाचा उपयोग आणि उपद्रव एकाच वस्तूत बघायचा असेल तर नॉर्वेच्या सामन माशाकडे बघा. १९८७ साली तिथल्या मत्स्यशेतीत जवळजवळ ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. मग तेलात कालवलेल्या लसी आल्या आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो आकडा एक-दोन टनांवर आला, उत्पादन वाढत असताना. तेल कशासाठी? तर टोचल्या जागी दाह व्हावा, पांढऱ्या पेशी जमाव्यात, लस नीट ओळखली जावी म्हणून. तसं होतंही. पण काही माशांच्या पोटात हा दाह ओसरतच नाही, आतडी आणि पोटाचं अस्तर एकमेकांना चिकटतं, वाढ खुंटते. रोग टाळण्याची ही किंमत सामन अजूनही थोडीफार मोजतो.

राहिले ते मेचनिकॉफच्या काळातले डॉक्टर. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत क्षयाच्या जंतूचा एक जवळचा भाऊबंद सापडला, मायकोबॅक्टेरियम मरिनम. माशाला यामुळे खरोखरीचा क्षय होतो, गाठींसकट. बडोद्यात वाढलेल्या आणि तिथेच डॉक्टर झालेल्या ललिता रामकृष्णन यांनी अमेरिकेत हा जंतू हाती घेतला आणि झेब्राफिशच्या पिल्लांत टोचला. क्षयाची गाठ म्हणजे पांढऱ्या पेशींनी जंतूभोवती बांधलेली तटबंदी, असं तोवर शिकवलं जाई. मीही तेच शिकलो आणि पुढे तेच शिकवलं. पिल्लाच्या अंगात दिसलं ते असं. मॅक्रोफेज जंतू गिळते, तो आत मरत नाही. ती त्याला घेऊन आतल्या पेशीजालात शिरते. मरताना नव्या मॅक्रोफेजना बोलावते, त्या तिचं कलेवर गिळतात आणि एकीच्या जागी अनेकींना लागण होते. हे बोलावणं घडवून आणण्यात जंतूचा हात असतो. निदान सुरुवातीच्या दिवसांत तरी ही तटबंदी जंतूची धर्मशाळा असते. पेशी जंतूंना आसरा देतात आणि अंगभर पोचवतात, असं म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांचा मुद्दा सव्वाशे वर्षांनी, एका रोगापुरता का होईना, खरा निघाला.

याच गटाने पुढे २०१० आणि २०१२ साली दाखवलं की या रोगात दाह कमी पडला तरी मॅक्रोफेज फुटतात आणि जास्त झाला तरी फुटतात. दोन्हीकडून जंतू मोकळे सुटतात. त्यामागचं जनुक माणसातही आहे. व्हिएतनाममधल्या क्षयजन्य मेंदूज्वराच्या रुग्णांत असं आढळलं की दाह शमवणारं डेक्सामेथासोन हे औषध जास्त दाह करणाऱ्या जनुकप्रकाराच्या रुग्णांना विशेष उपयोगी पडलं. इंडोनेशियातल्या रुग्णांत मात्र हा संबंध दिसला नाही. माशावरून माणसावर उडी मारताना असा पाय घसरतो, आणि तो घसरला हेही सांगितलं पाहिजे.

हा मरिनम घरातल्या फिशटँकमध्येही असू शकतो. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, आपल्या अंगातली ३७ अंशांची ऊब मानवत नाही, त्यामुळे माणसात तो बहुधा बोटांच्या आणि हातांच्या गार कातडीतच राहतो. हाताला खरचटलेलं असेल तर टँक धुऊ नका, धुवायचाच तर रबरी हातमोजे घाला. आणि दोन-चार आठवड्यांनी बोटावर न दुखणारी, हळूहळू हाताकडे सरकणारी गाठ दिसली, तर डॉक्टरांना इतर सगळ्याच्या आधी सांगा की घरी मासे आहेत. ते आपण होऊन विचारत नाहीत.